खडकातील भेगांचा कानोसा

वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातील धनज व त्याच्या भोवतालची गावे दख्खनच्या काळ्या पाषाणावर वसलेली आहेत. या पाषाणाच्या मुलखात कोठेही चौकशी केली तरी एक अनुभव हमखास ऐकावयास मिळतो. एका विंधन विहिरीस भर उन्हाळ्यात पाणी असते. तेथून पन्नास पावलांवर, तितक्याच खोलीपर्यंत घेतलेली दुसरी विंधन विहीर मात्र धुरळ्याखेरीज काही देत नाही. मग तळहातावर नारळ धरून जागा दाखविणाऱ्या पाणाड्याला दोष दिला जातो, किंवा नशिबाला. पुष्कळदा त्या कोरड्या विहिरीपासून थोड्याच अंतरावर खडकात पाणी असते. ते विहिरीपर्यंत येण्यास वाट नसते, एवढेच.

खनिज तेलाच्या मागावर असलेल्या अभियंत्यांपुढेही नेमका हाच प्रश्न उभा राहतो. तेल आहे, पण ते ज्या खडकात आहे तो खडक ते सोडीत नाही. यावर त्यांनी योजलेला उपाय म्हणजे पाण्याच्या प्रचंड दाबाने खडकात भेग उघडणे. भेग उघडता येते, हे बऱ्याच वर्षांपूर्वी सिद्ध झाले. परंतु जमिनीखाली दोन-तीन किलोमीटर खोलीवर उघडलेली ती भेग कोणत्या दिशेने गेली, किती लांब गेली आणि जेथे जावी अशी अपेक्षा होती तेथे गेली की नाही, हे कळण्यास पुढे अनेक वर्षे लागली. हे ज्ञान शेवटी भूकंपशास्त्राकडून आले. महाराष्ट्रात तेलासाठी असे काम होत नसले, तरी त्यामागील शास्त्राशी या राज्याचा संबंध जुना आणि काहीसा दुःखद आहे. आणि त्याचा एक लहानसा अवतार गावोगावच्या विंधन विहिरींपर्यंत येऊन पोहोचला आहे.

साठा आणि वाट

खडकाचे दोन गुण येथे वेगळे ओळखले पाहिजेत. त्यात किती पोकळ जागा आहे, हा एक गुण. त्या पोकळ्या एकमेकींना जोडलेल्या आहेत की नाहीत, हा दुसरा. पहिल्यास सच्छिद्रता म्हणतात, दुसऱ्यास पार्यता. पाण्याचा माठ पाझरतो, कारण त्याच्या मातीतील सूक्ष्म छिद्रे एकमेकांस मिळालेली असतात. दख्खनच्या पाषाणातील ज्या थराला आपल्याकडे मांजऱ्या म्हणतात, त्यात वायूच्या बुडबुड्यांनी झालेल्या पोकळ्या दाटीने असतात. परंतु बहुतेक पोकळ्या गारगोटीसारख्या खनिजांनी बुजलेल्या आणि एकमेकींपासून अलग असतात. अशा थरातून पाणी मिळते ते भेगांमधून, सांध्यांमधून आणि लाव्हाच्या एका थरावर दुसरा थर बसला त्या जोडावरून. घट्ट काळ्या पाषाणात तर भेगेवाचून दुसरी वाटच नसते.

पार्यता मोजण्याचे जे एकक जगभरचा तेल उद्योग वापरतो, ते हेन्री दार्सी या फ्रेंच अभियंत्याच्या नावाने ओळखले जाते. दार्सीचा तेलाशी काहीही संबंध नव्हता. दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचे काम पाहताना वाळूच्या थरातून पाणी किती वेगाने गळते, याचे प्रयोग त्याने केले आणि 1856 साली ते प्रसिद्ध केले. नगरपालिकेच्या पाण्याच्या टाकीपासून सुरू झालेला हा नियम पुढे तेलविहिरींना लागू पडला. चांगल्या तेलसाठ्याच्या खडकाची पार्यता एका दार्सीच्या काही दशांश किंवा शतांश भागांत मोजतात. दार्सीच्या दहा हजाराव्या भागाहूनही ती कमी असेल, तर त्या साठ्यास अल्पपार्य साठा म्हणतात. शेल खडकात ती याहूनही हजारो पटींनी कमी असू शकते. अशा खडकात विहीर घेतली तर ती आपल्या अगदी लगतचे तेल देते आणि थांबते.

1974 साली सापडलेल्या मुंबई हायच्या तेलक्षेत्रात तेल मुख्यतः चुनखडकात आहे. परंतु ज्या काळ्या पाषाणावर धनज उभे आहे, त्याच दख्खन पाषाणातूनही तेल निघाले आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. गुजरातेत बडोद्याजवळच्या पादरा क्षेत्रात हा पाषाण नव्या गाळथरांखाली गाडला गेला आहे आणि त्याच्या भेगांमध्ये तेल साठले आहे. थोडक्यात, भेग असेल तर हाच दगड पाणीही देतो आणि तेलही.

दाबाने उघडलेली भेग

खडकात मुद्दाम भेग पाडण्याचा पहिला प्रयोग अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातील ह्यूगटन वायुक्षेत्रात 1947 साली झाला. त्या विहिरीचे उत्पादन त्यामुळे फारसे वाढले नाही. तथापि दोनच वर्षांनी, 1949 मध्ये, ही पद्धत व्यापारी तत्त्वावर वापरात आली आणि पुढे जगभर पसरली. तिला हायड्रॉलिक फ्रॅक्चरिंग म्हणतात. विहिरीचा ठरावीक भाग वरून व खालून बंद करावयाचा आणि त्यात पंपाने द्रव कोंबीत राहावयाचे. दाब वाढत जातो, खडक तो सोसतो, आणि एका क्षणी तो उकलतो. दाबमापकाचा काटा त्या क्षणी झटकन खाली येतो. भेग पुन्हा मिटू नये म्हणून द्रवाबरोबर वाळू सोडतात; पाथरवट दगडाच्या चिरेत पाचर ठेवतो, तसेच हे आहे.

पाथरवट घाव घालण्यापूर्वी दगडाची शीर पाहतो. जमिनीखाली ही सोय नाही. तेथे भेगेची दिशा खडकावरील दाब ठरवितो. खोलवरचा खडक सर्व बाजूंनी आवळलेला असतो, परंतु सर्व दिशांनी सारखा नव्हे. जेथे आवळ सर्वांत कमी, त्या दिशेने भेगेचे काठ एकमेकांपासून सरकतात आणि भेग तिच्याशी काटकोनात वाढत जाते. खोलवर वरच्या खडकांचे वजन अफाट असल्याने भेगा बहुधा भिंतीसारख्या उभ्या असतात. जमिनीलगत वरचे ओझे कमी. तेथे त्या आडव्या पसरण्याचा संभव अधिक. अभियंता हे गणित आधी मांडतो. प्रत्येक खडकात जुन्या चिरा, सांधे आणि सरकलेले थर असतात, आणि ते त्याचे गणित चुकवितात.

सहा किलोचा दगड

खडक उकलताना व त्याच्या जुन्या चिरा दाबाखाली सरकताना बारीक हादरे बसतात. भूकंपाच्या मापात त्यांची तीव्रता शून्याच्याही खाली, उणे एक, उणे दोन, उणे तीन अशी असते. शून्याखालील भूकंप ही कल्पना विद्यार्थ्यांना चमत्कारिक वाटते; परंतु तीव्रतेचे माप हे घातांकी माप असल्याने तेथे शून्य म्हणजे काहीच नाही, असा अर्थ होत नाही. एका अंकाच्या फरकाने ऊर्जा सुमारे 32 पट बदलते. या हिशेबाने उणे दोन तीव्रतेच्या हादऱ्यातून बाहेर पडणाऱ्या लहरींची ऊर्जा सुमारे 60 ज्यूल भरते. सहा किलो वजनाचा दगड एक मीटर उंचीवरून जमिनीवर पडावा, तितकी. शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात 2024 च्या मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये 4.5 तीव्रतेचा भूकंप झाला होता. त्यातील एकेकाची ऊर्जा अशा हादऱ्याच्या पाचशे कोटी पटींहून अधिक होते.

एवढा क्षीण हादरा दोन किलोमीटर खडकातून वर येईपर्यंत विरून जातो. म्हणून ऐकणारी यंत्रेच खाली उतरवितात. ज्या विहिरीत भेग पाडावयाची, तिच्यापासून काही शे मीटरवरील दुसऱ्या विहिरीत जिओफोनांची माळ सोडतात आणि प्रत्येक जिओफोन विहिरीच्या भिंतीला घट्ट टेकवितात. हादऱ्याच्या दोन मुख्य लहरी असतात. प्राथमिक लहर वेगाने धावते, दुय्यम लहर मागून येते. प्राथमिक लहर सेकंदाला 5 किलोमीटर आणि दुय्यम लहर 3 किलोमीटर जाते, असे धरू. 600 मीटरवरील हादऱ्याची पहिली लहर 0.12 सेकंदात आणि दुसरी 0.20 सेकंदात पोहोचेल. दोहोंतील अंतर 0.08 सेकंद. ते 0.04 सेकंद भरले, तर हादरा 300 मीटरवर झाला. वीज चमकल्यानंतर गडगडाट ऐकू येईपर्यंत अंक मोजून ढगाचे अंतर सांगण्याचा जो खेळ मुले खेळतात, त्याचेच हे नेमके रूप आहे. लहर येताना जिओफोन कोणत्या दिशेने हलला, यावरून हादऱ्याची दिशा कळते. अंतर आणि दिशा मिळाली की नकाशावर एक ठिपका पडतो. काही तासांच्या कामात असे शेकडो ठिपके जमतात आणि त्यांच्या दाटीतून भेगेचा आकार दिसू लागतो.

या नकाशाचे मोल काय, हे न्यू मेक्सिको राज्यातील फेंटन हिल येथे चांगलेच प्रत्ययास आले. तेथे लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेने तेलासाठी नव्हे, तर खोल तप्त ग्रॅनाइटमधील उष्णता वर आणण्यासाठी प्रयोग चालविला होता. एका विहिरीतून गार पाणी सोडावयाचे, भेगांतून फिरून ते तापावयाचे आणि दुसऱ्या विहिरीतून वर काढावयाचे, अशी योजना होती. दोन्ही विहिरी आधीच तयार होत्या; त्यांना जोडणारी भेग तेवढी पाडावयाची होती. डिसेंबर 1983 मध्ये सुमारे साडेतीन किलोमीटर खोलीवर दोन कोटी लिटरांहून अधिक पाणी दाबाने कोंबण्यात आले. खडक फुटला, हजारो हादरे नोंदले गेले. पण दुसऱ्या विहिरीत पाणी उतरले नाही. नोंदी मांडून पाहता ठिपक्यांचा पुंजका अपेक्षित जागेऐवजी भलतीकडे पसरलेला आढळला. भेग गणिताप्रमाणे गेली नव्हती, ती आपल्या वाटेने गेली होती. मग शास्त्रज्ञांनी खडकाशी हुज्जत घातली नाही. 1985 मध्ये त्यांनी दुसऱ्या विहिरीचा मार्ग वळवून ती ठिपक्यांच्या पुंजक्यातून नेली, आणि दोन विहिरींचा सांधा जुळला. कोट्यवधींचा खर्च वाया जाण्याचे टळले, ते या नकाशामुळे.

पुढे टेक्सास राज्यातील बार्नेट शेलमध्ये अशाच नोंदींनी दुसरा एक समज मोडला. भेग म्हणजे विहिरीच्या दोन बाजूंना पसरलेला एकच सपाट पापुद्रा, असे चित्र पाठ्यपुस्तकांत होते. बार्नेटमधील ठिपके शेकडो मीटर रुंद पट्ट्यात विखुरलेले निघाले. जुन्या बुजलेल्या चिरा उघडून भेगांचे जाळे तयार झाले होते. तेव्हापासून विहिरींमधील अंतर आणि पाण्याचे प्रमाण ठरविताना हे जाळे विचारात घेतले जाते.

अर्थात ठिपका म्हणजे तेल नव्हे. हादरा झाला तेथे खडक सरकला, इतकेच तो सांगतो. तेथपर्यंत वाळू पोहोचली की नाही, भेग उघडी राहिली की मिटली, हे त्यावरून ठरत नाही. काही भेगा जवळजवळ निमूटपणे उघडतात आणि त्यांचा आवाज नोंदलाच जात नाही. लहरींचा वेग चुकीचा धरला, तर सारा नकाशाच सरकतो. रंगीत ठिपक्यांचे सुंदर चित्र पाहून उत्पादनाचे आकडे सांगण्याचा मोह या उद्योगातही अनेकांना आवरलेला नाही.

कोयनेचा धडा

पाण्याच्या दाबाने खडक सरकतो, याचा सर्वांत गंभीर दाखला महाराष्ट्रातच आहे. कोयना धरणात 1962 च्या सुमारास पाणी साठू लागले आणि त्या परिसरात भूकंपाचे धक्के जाणवू लागले. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे 6.3 तीव्रतेचा भूकंप झाला. कोयनानगर उद्ध्वस्त झाले आणि सुमारे 200 माणसे प्राणास मुकली. जलाशयाशी निगडित असलेला जगातील हा सर्वांत मोठा भूकंप मानला जातो. 1985 पासून वारणेच्या जलाशयात पाणी साठू लागल्यावर तिकडेही धक्के वाढले.

जलाशयाचे पाणी खडक फोडीत नाही. भूगर्भात आधीच ताणलेला, सरकण्याच्या बेतात असलेला प्रस्तरभंग असतो. पाणी चिरांतून झिरपत जाऊन त्याच्या दोन काठांमधील दाब वाढविते, घर्षण कमी होते आणि तो निसटतो. कोलोरॅडो राज्यात डेन्व्हरजवळ लष्करी रासायनिक कारखान्याचे टाकाऊ द्रव 1962 पासून खोल विहिरीत सोडले जात होते, तेव्हाही हेच घडले. धक्के सुरू झाले. 1966 मध्ये द्रव सोडणे थांबविल्यानंतरही, 1967 मध्ये, सर्वांत मोठा धक्का बसला. स्वित्झर्लंडमधील बाझल येथे डिसेंबर 2006 मध्ये भूऔष्णिक विहिरीत पाणी कोंबताना 3.4 तीव्रतेचा भूकंप होऊन शहर हादरले आणि तो प्रकल्प कायमचा बंद पडला. तेलक्षेत्रात हादऱ्यांवर कान ठेवण्याचे दुसरे प्रयोजन हेच आहे. ठिपके एखाद्या मोठ्या प्रस्तरभंगाच्या रेषेत मांडले जाऊ लागले, तर पंप थांबवावयाचा.

कोयनेच्या भूकंपांचा अभ्यास हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्था दीर्घकाळ करीत आली आहे. केंद्रीय पृथ्वीविज्ञान मंत्रालयाने कऱ्हाड येथे विंधन-भूभौतिकी संशोधन प्रयोगशाळा उभारली आणि पाटण तालुक्यातील गोठणे येथे 2016-17 मध्ये तीन किलोमीटर खोलीचे छिद्र घेतले. तेथे काळा पाषाण सुमारे 1,250 मीटर जाडीचा निघाला. त्याखाली ग्रॅनाइट लागला. परिसरातील सुमारे दीड किलोमीटर खोलीच्या इतर छिद्रांत भूकंपमापके उतरविण्यात आली, कारण वरच्या पाषाणथरांत आणि पृष्ठभागावरील गोंगाटात बारीक हादरे हरवतात. तेलक्षेत्रात जे एका विहिरीपुरते काही तास केले जाते, ते येथे एका खोऱ्यासाठी वर्षानुवर्षे करण्याचा हा प्रयत्न आहे.

धनजच्या शिवारात

आता पुन्हा त्या कोरड्या विंधन विहिरीकडे वळू. 1972 साली स्थापन झालेल्या राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या अपारंपरिक उपायांत जलभंजनाचा समावेश आहे. विंधन विहिरीत पॅकर बसवून तिचा खालचा भाग बंद करतात आणि त्यात दाबाने पाणी सोडतात. तत्त्व तेलविहिरीचेच, प्रमाण मात्र अगदी वेगळे. तेलविहिरीत खोली किलोमीटरांत आणि पाणी कोटी लिटरांच्या घरात असते. येथे खोली काही दशक मीटर आणि पाणी टँकरभर. येथे नवी भेग पाडण्यापेक्षा गाळाने, मातीने बुजलेल्या जुन्या भेगा आणि लाव्हाथरांचे जोड धुऊन मोकळे करणे, हेच काम मुख्यतः होते. सुरुंगाचा यात वापर नसतो. विंधन विहिरीत स्फोट करण्याची पद्धत वेगळी आहे, आणि लोक या दोहोंची पुष्कळदा गल्लत करतात. जलभंजनाने भूकंप होईल काय, ही शंकाही ग्रामसभेत निघते. इतक्या कमी खोलीवर, इतक्या थोड्या पाण्याने होणारा हादरा पडत्या दगडापलीकडे जाण्याचे कारण नाही. कोयनेसारखे भूकंप काही किलोमीटर खोलीवर जन्म घेतात.

खरा प्रश्न निराळा आहे. उघडलेली वाट कोठे जाऊन मिळाली? ती पाणी असलेल्या सांध्याला मिळाली, तर विहीर जिवंत होईल. शेजारच्या शेतकऱ्याच्या विहिरीला मिळाली, तर दोन्ही विहिरी एकच पाणी वाटून घेतील आणि तंटा उद्भवेल. वरच्या मुरमातून शौचालयाच्या शोषखड्ड्याला मिळाली, तर पिण्याच्या पाण्याचा घात होईल. म्हणूनच पॅकर मुरमाच्या खाली, घट्ट खडकात बसविला पाहिजे आणि वरचा केसिंग पाइप शाबूत असला पाहिजे.

धनजसारख्या गावाने एका हातपंपासाठी जिओफोनांची माळ आणावी, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. परंतु कानोसा घेण्याची साधी साधने गावापाशी आहेत. जलभंजनाच्या आदल्या दिवशी त्या विहिरीतून तासाला किती लिटर पाणी निघते आणि पातळी किती उतरते, हे मोजून लिहावे. आसपासच्या विहिरींतील पाण्याची पातळी दोरीने मोजावी. पंप चालू असताना दाबमापकाचा काटा केव्हा आणि कितीवर असताना खाली आला, हे टिपावे. काटा न पडता दाब हळूहळू वाढतच राहिला, तर खडक उकललेला नाही. त्याच वेळी शेजारच्या एखाद्या विहिरीची पातळी वर आली किंवा पाणी गढूळ झाले, तर वाट तिकडे गेली, हे उघड आहे. त्या विहिरीने येथे जिओफोनचेच काम केलेले असते. काम संपल्यावर पुन्हा तीच मापे घ्यावीत आणि पाणी तपासून घेतल्यावाचून पिण्यास देऊ नये. वाढलेले पाणी टिकते की ओसरते, हे एप्रिल-मेमध्ये पुन्हा मोजल्याशिवाय कळत नाही. जलभंजनानंतर चार दिवस भरपूर पाणी मिळाले म्हणून यशाची नोंद करून मोकळे होण्यात अर्थ नाही, कारण ते पाणी कोंबलेलेच असू शकते.

या नोंदींस आणखी एक कारण आहे. 60 मीटरपेक्षा खोल विहिरींवर 2009 च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमाने निर्बंध आणले आहेत, आणि पिण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून 500 मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर 1993 च्या अधिनियमापासूनच निर्बंध आले. नव्या विहिरीच्या वाटा अशा अरुंद होत असताना असलेल्या विहिरीभोवतीच्या खडकाची माहिती अधिक मोलाची ठरते. जलभंजन निष्फळ ठरले तरी त्या विहिरीचा दाबाचा आकडा आणि शेजारच्या विहिरींची मापे ग्रामपंचायतीच्या दप्तरी राहिली, तर पुढच्या विहिरीची जागा निवडणाऱ्या भूवैज्ञानिकाला त्या दप्तरातून खालच्या भेगांचा काही मागमूस लागू शकेल. शाळेतील वरच्या वर्गांच्या मुलांना दोरी, टेप आणि वही देऊन दर महिन्याच्या ठरावीक दिवशी गावातील विहिरींची पातळी मोजण्याचे काम सोपविता येते. या कामाची सुरुवात पावसाळ्यापूर्वी केली, तर पहिल्या पावसानंतर कोणती विहीर आधी चढते आणि कोणती मागे राहते, एवढ्यावरूनच कोणत्या दोन विहिरी खाली एकमेकींशी जोडलेल्या असाव्यात, याचा अंदाज पहिल्याच वर्षी बांधता येईल.